दोन साडू आणि फॉर्म अकरा

सख्ख्या भावांची तुलना आईबाप करतात, साडूंची तुलना अख्खी सासुरवाडी करते. गावच्या म्हाईच्या जत्रेला दोन जावई मागेपुढे गाडीवरून उतरले, की कुणाची गाडी नवी, कुणाच्या बायकोच्या हातात पाटल्या आणि कुणाच्या हातात नुसत्या बांगड्या, याचा ताळेबंद चहा येण्याआधीच तयार असतो. आबा आणि विलासराव हे असे साडू. त्यातून दोघंही एकाच ठिकाणी कामाला, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत. म्हणजे तुलनेला पगाराची स्लिपसुद्धा हाताशी.

मी उद्यमनगरात पीएफ-ईएसआयची कामं बघतो. कारखान्यांची चलनं भरायची, रिटर्न भरायचे, कामगारांचे क्लेम लावून द्यायचे. या दोघांचे कागद कितीतरी वर्षं माझ्या टेबलावरून गेले. म्हणून दोघांची नावं थोडी बदलून ही गोष्ट सांगतोय.

आबा १९८३ साली मोल्डर म्हणून लागले. वाळूचा साचा दाबायचा, तांबडं झालेलं लोखंड ओतताना उभं राहायचं, संध्याकाळी काळं तोंड घेऊन सायकलवरून घरी. पीएफ म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. ‘कटतंय’ एवढंच त्यांना माहीत. वर्षाला एकदा पिवळट कागदाची स्लिप यायची, ती रेशनकार्डाच्या पिशवीत जायची. १९५२ च्या कायद्याप्रमाणे कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून काही टक्के कापायचे, मालकानं तेवढेच घालायचे आणि ते कामगाराच्या नावावर ठेवायचे, असा हा सगळा व्यवहार. १९९७ पासून बहुतेक उद्योगांना हा आकडा १२ टक्के झाला. मालकाच्या बारातले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात, तेही पगाराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच. तो भाग लोकांच्या लक्षात येत नाही, आणि निवृत्तीच्या वेळी भांडण होतं ते त्याच्यावरूनच.

विलासराव शिकलेले. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये दहा वर्षं काढली. तिथं वीसपेक्षा कमी माणसं, त्यामुळे पीएफचा कायदाच लागू नव्हता. २००२ मध्ये आबांनी शब्द टाकला आणि ते फौंड्रीत क्वालिटीला आले. बेसिक ९,००० रुपये. त्या वेळी पीएफची पगारमर्यादा ६,५०० होती. आधी कधीच सभासद नसलेला माणूस त्याहून जास्त पगारावर लागला, तर त्याला बाहेर राहता येत असे. तसं त्यानं फॉर्म अकरावर लिहून द्यायचं. हा फॉर्म मी बॅगेतून काढला तेव्हा विलासरावांनी खिशातून कागद काढला. हिशेब घरूनच करून आणला होता.

“साहेब, माझे सातशेऐंशी आणि कंपनीचे सातशेऐंशी. साडेपंधराशे झाले की. ते मला हातात द्या. माझा पैसा सांभाळायला मी काय कुकुलं बाळ हाय?”

आबा शेजारीच उभे होते. “विलासराव, हातात आलेला पैसा ऱ्हातोय व्हय?”

“आबा, व्याज बघा की. बारा टक्क्याचं साडेनऊवर आणलं. उद्या आठवर आणतील. आन् सरकारी म्हंजे पक्कं, हे कुणी सांगितलं? युनिट-६४ चं काय झालं?”

त्यावर आबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. जुलै २००१ मध्ये युनिट-६४ या फंडाची खरेदी-विक्री थांबवली तेव्हा ‘सरकारी आहे, बुडत नाही’ म्हणून निवृत्तीचे पैसे त्यात ठेवलेल्या मास्तर-कारकुनांची काय अवस्था झाली, हे मी गल्लीत पाहिलं होतं. मॅनेजरसाहेबांना तर बरंच झालं, एका माणसाचं चलन कमी. त्यांनी कंपनीचे ७८० रुपये ‘इतर भत्ता’ या नावाखाली पगारात घातले. विलासरावांनी सही केली.

लोकांना वाटतं की मी पीएफचं काम करतो म्हणजे पीएफचा प्रचारक असणार. तसं नाही. विलासरावांचा हिशेब चुकीचा नव्हता. २००३ च्या एप्रिलात सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता. २००७ च्या डिसेंबरात तो वीस हजारांच्या वर गेला. या पाच वर्षांत विलासराव दर महिन्याला ते पैसे इमानेइतबारे बाजारात घालत राहिले. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, वर्तमानपत्रातलं बाजाराचं पान कात्रीनं कापून ठेवायचे. ९३-९४ हजार घातले होते, त्याचे पावणेतीन लाखांच्या पुढे झाले. त्याच काळात पीएफचा दर साडेआठवर आला होता. म्हाईच्या पंगतीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर विलासरावांचे शेअरही वाढले जायचे. आबा मान खाली घालून भाकरी कुस्करत बसायचे. “आमचं काय बाबा, कटतंय,” एवढंच म्हणायचे.

मग पुढचं. नुसते शेअर घेऊन ठेवणं विलासरावांना आता संथ वाटायला लागलं. राजारामपुरीत त्यांच्या ओळखीचा एक ब्रोकर होता. त्यानं फ्युचर दाखवले. हातातले शेअर तारण ठेवायचे आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा सौदा करायचा. दोन-तीन महिने पैसे आले. २१ जानेवारी २००८, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात चौदाशे अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच इतका कोसळला की तासभर व्यवहारच बंद ठेवावे लागले. विलासराव शॉपफ्लोअरवर कास्टिंगवर गेज लावत होते. ब्रोकरचा फोन आला, मार्जिन भरा, नाहीतर कापतो. भरायला पैसे कुठले? त्यानं तारण ठेवलेले शेअर विकले. जे थोडे उरले होते, ते विलासरावांनी ऑक्टोबरात स्वतःच विकले, सेन्सेक्स आठ हजारांच्या आसपास असताना. आता बघवत नाही, म्हणाले.

गंमत अशी, की त्यांनी निवडलेले शेअर एकही वाईट नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यातले बहुतेक जुन्या भावाच्या वर गेले. अभ्यास पक्का होता, पण तो अभ्यास करणारा माणूस रात्री झोपत नव्हता, आणि झोप न झालेल्या माणसानं सकाळी बाजार उघडताना घेतलेला निर्णय कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

याचा अर्थ आबा शहाणे होते असा घेऊ नका. २००९ मध्ये आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. ते माझ्याकडे आले, सगळा पीएफ काढायचा म्हणून. मी सांगितलं, लग्नासाठी फॉर्म ३१ भरून उचल मिळते, पण तुमच्या स्वतःच्या वर्गणीच्या निम्मीच. कंपनीच्या वाट्याला हात लावता येणार नाही. आबा इतके चिडले की त्यांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली. “माझा पैसा, माझी लेक, आन् मलाच न्हाई? हा कुठला कायदा?” मी कायद्याच्या बाजूनं बोललो नाही, बोलून उपयोगही नव्हता. शेवटी लग्न मोठ्या कार्यालयाऐवजी गावातल्या समाजमंदिरात झालं. जेवणात एक गोड कमी. लेक नांदायला गेली आणि सुखानं नांदली. कार्यालयाचं भाडं वाचलं म्हणून ती कमी सुखी झाली नाही.

आबांना मी संयमी म्हणणार नाही. हाती लागले असते, तर त्यांनी एका आठवड्यात सगळे उडवले असते. कायद्यानं ते दिले नाहीत, एवढंच. आणि कायदा सगळ्यांनाच असा आडवा येतो असंही नाही. त्याच फौंड्रीतली तरुण पोरं दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलायची. नोकरी सोडली की दोन महिने थांबून फॉर्म १९ आणि १०-सी भरायची, आणि सगळा पीएफ काढून बुलेटचं डाउनपेमेंट करायची. पैसे नव्या कंपनीत वर्ग करा, त्याचा फॉर्म १३ असतो, मी फुकट भरून देतो, असं मी सांगायचो. ऐकायचं कोण? अशा पोरांचे दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर पासबुकात पंधरा-वीस हजार पाहिलेत मी. योजना तीच, दर तोच.

आता मेहुण्याची गोष्ट, कारण दोघांच्या पैशातला खरा फरक मला तिथं दिसला.

दोन्ही बायकांचा एकुलता एक भाऊ. त्यानं एका पतसंस्थेतून पोल्ट्रीच्या शेडसाठी कर्ज काढलं. जामीनदार कोण? दोन जावई. नाही म्हणायची सोय नव्हती, बायकांचा भाऊ. बाजारातून बाहेर पडलेल्या विलासरावांनी आपली उरलीसुरली रक्कम त्याच पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवली होती, बँकेपेक्षा एक टक्का जास्त मिळतो म्हणून. पोल्ट्री बुडाली, हप्ते थकले. संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला. विलासरावांची ठेव तर संस्थेच्या हातातच होती. ती कर्जाला वळती करून घेतली. एक चिठ्ठी आली, संपलं. आबांच्या पगारातून महिन्याला दीड हजार कापायला सुरुवात झाली.

एका संध्याकाळी मी शटर ओढायच्या बेतात असताना आबा आले. खुर्चीवर बसले नाहीत. हातातली नोटीस घडी घालून घालून मऊ झाली होती. “साहेब, आता पीएफबी जातोय काय?”

मी पीएफच्या कायद्याचं पुस्तक काढलं. कलम १० उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी ओळीवर बोट ठेवून सांगितलं. सभासदाच्या नावावर जमा असलेली ही रक्कम कुठल्याही कर्जासाठी जप्त करता येत नाही, तारण ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आबांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तसंच ठेवून विचारलं, “कोर्टाचा हुकूम आला तर?”

“कोर्टाच्या हुकमानंसुद्धा नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मलाबी देत न्हाईत, आन् दुसऱ्यालाबी देत न्हाईत.” मी गेली कितीतरी वर्षं कंपन्यांच्या एचआरवाल्यांना पीएफ समजावतोय, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलेलं नाही.

विलासराव २०१५ मध्ये पुन्हा माझ्याकडे आले. सोबत कागद नव्हता, हिशेब नव्हता. “आता पीएफ चालू करता येतोय का हो?” येतो. मर्यादेच्या वर पगार असला, तरी कामगार आणि मालक दोघांनी मिळून अर्ज केला की सभासद होता येतं. त्यांचं बेसिक तेव्हा बावीस हजार होतं. सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० झाली आणि त्याहून जास्त पगारावर नव्यानं येणाऱ्याला पेन्शन योजनेत घेणं बंद झालं. त्यामुळे त्यांना पेन्शन नाही, पण मालकाचा सगळा वाटा पीएफमध्येच. शिवाय एका फंडात दोन हजारांची एसआयपी चालू केली, पगार झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप जाणारी. “साहेब, मी एक ठरवलंय,” ते म्हणाले, “माझ्या हातात येईल तो पैसा खर्चाचा. साठवायचा तो मला दिसायलाच नको.” चाळिशी ओलांडली होती. मधली तेरा वर्षं कुणी परत देत नाही.

आबा ३१ मे २०१८ ला निवृत्त झाले. शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली होती, त्यांत आबाही होते. क्लेम टाकला आणि तो परत आला. कंपनीच्या रजिस्टरात १९८३ च्या टाइमकीपरनं नाव लिहिलं होतं ‘आबासो’. आधारवर होतं ‘आबासाहेब’. कोल्हापुरात ‘सो’ म्हणजे ‘साहेब’ हे शेंबडं पोरही सांगेल, संगणकाला ते कोण सांगणार? जॉइंट डिक्लेरेशन, मालकाची सही, शाळेचा दाखला, पुन्हा अर्ज. ऑगस्टात पैसे खात्यावर आले. पीएफचे नऊ लाख अकरा हजार. ग्रॅच्युइटी वेगळी: शेवटचा पगार १८,०००, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं, नोकरीची ३५ वर्षं, म्हणजे ३,६३,४६१ रुपये. आणि पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या थोडी वर.

पेन्शनचा आकडा ऐकून आबांची बायको म्हणाली, “एवढीच? सिलिंडर, लाइट बिल आन् ह्यांच्या गोळ्या. झालं.” तिचं बरोबर होतं. पेन्शनचा पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर, असं ते सूत्र. त्यात ऑगस्ट २०१४ पर्यंतची वर्षं साडेसहा हजारांच्याच मर्यादेनं धरतात, आणि नोव्हेंबर १९९५ च्या आधीच्या नोकरीचं अगदीच थोडं मिळतं. वर या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज तीन हजार, दहा वर्षांनीही तीन हजार. भट्टीपुढं पस्तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला हे सूत्र समजावून सांगताना माझीच जीभ अडखळते.

पण खरा घोळ पुढेच होता. पस्तीस वर्षं ज्या पैशाला कुणाचाही हात लागला नाही, तो एका दुपारी बचत खात्यात येऊन पडला. एसएमएस आला आणि पैशाला वाटा फुटायला लागल्या. थोरल्या मुलाला पिकअप गाडी घ्यायची होती. मेहुण्यानं पोल्ट्रीचं पुन्हा काढलं. बँकेतल्या एका मुलीनं आबांना केबिनमध्ये बसवून, एसी लावून, एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी पुढे केली. कुणीतरी महिन्याला पाच टक्के देणारा भेटला. आबा रोज एकाला हो म्हणायचे आणि रात्री बायकोनं डोळे वटारले की सकाळी नाही म्हणायचे. आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा दाढी वाढलेली होती. “साहेब, पस्तीस वर्षं पैसा दुसऱ्यानं सांभाळला. आता आठ दिसांत मी शिकू व्हय?”

मी विलासरावांना फोन केला.

ते अर्धा दिवस रजा टाकून आले आणि आल्याआल्या एकच विचारलं, पैसे कुठल्या तारखेला जमा झाले? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साठ वर्षं पूर्ण लागतात. पंचावन्न ते साठमधल्या निवृत्त माणसाला सवलत आहे, पण त्या वेळचा नियम असा, की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून महिन्याच्या आत खातं उघडलं पाहिजे. महिना उलटला की आबांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं असतं, आणि दोन वर्षं तो पैसा त्या घरात टिकला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हा नियम मला ठाऊक नव्हता. मी पीएफ देईपर्यंतचा माणूस. विलासरावांना ठाऊक होता, कारण हा माणूस रात्री असली पत्रकं वाचत बसायचा. बाजारात पोळला तरी वाचायचं सोडलं नव्हतं. कंपनीकडून निवृत्तीचा आणि रकमेचा दाखला घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं साडू पोस्टात. नऊ लाख त्यात, ८.३ टक्क्यांनी. दर तीन महिन्यांनी १८,६७५ रुपये. पिकअप गाडीचा विषय पाच वर्षांसाठी मिटला.

ग्रॅच्युइटीतले दोन लाख बँकेत, आजारपणाला. राहिलेले दीड लाख विलासरावांनी इंडेक्स फंडात घालायला सांगितले. आबा दचकले. “तुमचं काय झालं ते मी बघितलंय की, विलासराव.”

“म्हणूनच सांगतोय, आबा. ह्यात फ्युचर न्हाई, उधारी न्हाई, माझ्यासारखं रोज विकायचं-घ्यायचं न्हाई. तुमची पेन्शन वाढणार न्हाई, पोस्टाचं व्याज वाढणार न्हाई. तेल-साखर मात्र वाढणार. कायतरी वाढणारं असावं का नको?” बायकोनं मान हलवली, म्हणून आबांनी सही केली.

मार्च २०२०. लॉकडाउन लागला. २३ तारखेला सेन्सेक्स जवळजवळ चार हजार अंकांनी पडून सव्वीस हजारांच्या खाली गेला. आबांच्या दीड लाखाचे एक लाखाच्या आसपास झाले होते, पण हे आबांना कुणी सांगितलंच नाही. त्यांच्याकडे बटणाचा फोन. फंडाचं स्टेटमेंट रेशनकार्डाच्या पिशवीत. विलासराव मात्र घरात अडकलेले, हातात स्मार्टफोन, त्यात ॲप. २३ च्या संध्याकाळी त्यांनी एसआयपीचे सगळे युनिट विकायला काढले. पोरगी तेव्हा बारावीत. सकाळपासून ती बापाचा चेहरा बघत होती. ते जेवायला बसले तेव्हा तिनं फोन घेतला आणि पासवर्ड बदलून टाकला. दोन दिवस घरात भांडण. तिसऱ्या दिवशी विलासरावांनी नवा पासवर्ड मागायचं सोडून दिलं. वर्ष संपता संपता सेन्सेक्स सत्तेचाळीस हजारांवर होता.

तीच पोरगी २०२४ च्या जुलैत लॅपटॉप घेऊन माझ्या ऑफिसात आली. हिंजवडीतल्या एका कंपनीत लागली होती, बेसिक पंचवीस हजार. जॉइन होताना फॉर्म अकरा भरायचा, आता तो ऑनलाइन असतो, आणि सोबत एक प्रश्न: पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापायचा, म्हणजे महिना १,८००, की पूर्ण बेसिकवर, म्हणजे ३,०००? कंपनीचा वाटाही तेवढाच, आणि तोही ठरलेल्या एकूण पगारातून, सीटीसीतूनच. म्हणजे पूर्ण कापला तर हातात २,४०० कमी. तिच्या दोन बाजूंना दोन खुर्च्यांवर दोन साडू.

“अठराशेच ठेव,” आबा म्हणाले. “ऱ्हायलेलं त्या फंडात घाल. माझं दुप्पट झालं बघ, मी कायबी केलं न्हाई.”

“अजिबात नको,” विलासराव उसळले. “पूर्ण काप. सव्वाआठ टक्के, व्याजाला टॅक्स न्हाई, कोण हात लावत न्हाई.”

मी चहा सांगितला. बावीस वर्षांपूर्वी याच दोघांचं बोलणं मी ऐकलं होतं, तेव्हा वाक्यं उलट्या तोंडांत होती.

पोरीनं दोघांचं ऐकून घेतलं. मग आबांना म्हणाली, “काका, तुम्ही बघितलं नाही म्हणून वाढलं. मी दिवसाला शंभर वेळा फोन बघते.” बापाला म्हणाली, “आणि बाबा, नुसत्या पीएफवर काकांचं भागलं का?” तिनं ‘पूर्ण बेसिक’वर टिक केली. एसआयपी पंधराशेची, आत्ता. पगार वाढला की वाढीतली निम्मी रक्कम त्यात. ॲप फोनवर ठेवणार नाही, वर्षातून एकदा दिवाळीत मावशीकडे बसून लॅपटॉपवर उघडणार. मावशीला त्यातलं काही कळत नाही, पण डोळे वटारता येतात. एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात नव्हती: नोकरी बदलली तरी हे खातं रिकामं करायचं नाही, नव्या कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, द्यायचा. ते मी सांगितलं, आणि लिहूनही दिलं.

मग ती नाव भरायला लागली. वडिलांच्या रकान्यात तिनं ‘विलासराव’ टाइप केलं. मी तिचा हात थांबवला.

“आधारवर काय आहे?”

“नुसतं विलास.”

“मग ‘राव’ काढ. जावईपण सासुरवाडीत, इथं नाही.”

विलासराव हसले नाहीत. आबा मात्र खो खो हसत सुटले, आणि चहावाल्याला पैसे त्यांनीच दिले.